मृत्युपत्र: तुमच्यानंतर सही कोणाची चालेल?

घरातलं माणूस गेलं की दिवसकार्य उरकायच्या आत एकच प्रश्न वेगवेगळ्या खिडक्यांवर विचारला जाऊ लागतो: आता सही कोण करणार? बँकेतली मुदत ठेव मोडायची असते, सोसायटीत फ्लॅट नावावर करायचा असतो, गावी सातबाऱ्यावर वारस लावायचे असतात. मृत्युपत्र नसेल तर कायदा ज्यांना वारस म्हणतो त्या प्रत्येकाची सही किंवा संमती लागते. त्यातला एक जण अडून बसला, परदेशात असला किंवा नुसता ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणाला, की सगळ्यांचं काम अडतं. ‘आमच्याकडे कुठे एवढी इस्टेट आहे, मृत्युपत्र कशाला?’ असं म्हणणाऱ्या घरांना याची झळ जास्त लागते. त्यांची सगळी पुंजी एका फ्लॅटमध्ये नाहीतर दोन एकरांत असते, आणि ती मोकळी झाल्याशिवाय मुलांचं शिक्षणसुद्धा पुढे सरकत नाही.

आकड्यांतच पाहू. ठाण्यातलं एक काल्पनिक कुटुंब घ्या. नवरा, बायको, १९ वर्षांचा मुलगा, १२ वर्षांची मुलगी आणि नवऱ्याची आई. फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, किंमत ९६ लाख रुपये. नवरा मृत्युपत्र न करता गेला. फ्लॅट आता आपोआप बायकोचा झाला, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ (हा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे) बायको, मुलगा, मुलगी आणि आई या चौघांना वर्ग एकचे वारस मानतो आणि चौघांना सारखा हिस्सा देतो. म्हणजे प्रत्येकी २४ लाख. वडील हयात असते तरी त्यांना यातलं काही मिळालं नसतं, कारण वडील वर्ग एकमध्ये येतच नाहीत.

इथे पहिली गाठ बसते ती मुलीच्या हिश्शाची. ती कायद्याच्या भाषेत अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची आहे. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ म्हणजे ‘अज्ञान पालन कर्ता’ अशी नोंद अनेकांनी पाहिली असेल, तोच प्रकार. अज्ञान मुलाच्या नावची स्थावर मालमत्ता सख्ख्या आईलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ८ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. हप्ते झेपत नाहीत म्हणून फ्लॅट विकून लहान घर घ्यायचं ठरलं, तरी आईला आधी न्यायालयात अर्ज करावा लागेल आणि हा व्यवहार मुलीच्या हिताचाच आहे हे पटवून द्यावं लागेल. खरेदीदार तेवढं थांबत नाही.

दुसरी गाठ आजीच्या हिश्शाची. समजा, पाच वर्षांनी आजीही मृत्युपत्र न करता गेल्या. त्यांना आणखी एक मुलगा आणि एक मुलगी आहे. आजीचे २४ लाख तीन शाखांत वाटले जातील: दिराला ८ लाख, नणंदेला ८ लाख आणि आधी गेलेल्या मुलाच्या दोन मुलांना मिळून ८ लाख. सुनेला यातला छदामही नाही. हिशेब मांडला तर बायकोचे २४ लाख, मुलांचे प्रत्येकी २८ लाख, दिराचे ८ आणि नणंदेचे ८. ज्या घरात ती माउली रोज स्वयंपाक करते त्या घराला आता पाच मालक झाले. कोणी लबाडी केलेली नाही, कोणी कोणाशी वाईट वागलेलं नाही. कायदा त्याच्या वाटेने गेला, एवढंच. नवऱ्याने ‘माझा फ्लॅट संपूर्ण मालकी हक्काने माझ्या पत्नीला’ आणि ‘माझ्या आईला तिच्या हयातीत या घरात राहण्याचा हक्क’ अशी दोन वाक्यं लिहून ठेवली असती, तर या दोन्ही गाठी बसल्याच नसत्या.

बाईच्या मालमत्तेची वाट वेगळी

पुरुषाचे वारस ठरवताना आणि स्त्रीचे वारस ठरवताना हिंदू कायदा दोन वेगळ्या वाटांनी जातो, आणि ही गोष्ट फार कमी घरांत माहीत असते. विवाहित स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिची मालमत्ता आधी मुलं आणि नवरा यांच्याकडे जाते. मुलं नाहीत आणि नवराही नाही, तर कलम १५ प्रमाणे ती नवऱ्याच्या वारसांकडे जाते, म्हणजे सासू, दीर, नणंद, पुतणे यांच्याकडे. तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर लागतो. तिने स्वतःच्या पगारातून घेतलेलं घर असलं तरी क्रम हाच. अपवाद एवढाच, की मुलं नसतील तर आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे परत जाते.

२००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेलं एक प्रकरण वाचताना आजही पोटात तुटतं. लग्नानंतर तीनच महिन्यांत विधवा झालेली मुलगी. सासरच्यांनी घराबाहेर काढलं, ती माहेरी आली, शिकली, नोकरी केली, पैसे साठवले. १९९६ मध्ये ती मृत्युपत्र न करता वारली. तिच्या कमाईवर माहेरच्यांनी हक्क सांगितला आणि ज्या सासरने तिला हाकललं त्या सासरच्यांनीही सांगितला. न्यायालय म्हणालं, सहानुभूतीवर निकाल देता येत नाही. कायद्याने वारस सासरचे. मालमत्ता सासरकडे गेली. तिने कागदावर चार ओळी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या तर हे झालं नसतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंदू स्त्रियांना मृत्युपत्र करून ठेवण्याचं जाहीर आवाहन केलं, ते याच कलम १५ मुळे होणारे वाद डोळ्यांसमोर ठेवून.

म्हणून मृत्युपत्र नवऱ्याने करायचं आणि बायकोने नुसतं ऐकायचं, ही पद्धत सोडायला हवी. दोघांनी आपापलं करावं, वेगवेगळ्या कागदांवर. एकाच कागदावर दोघांचं संयुक्त मृत्युपत्र केलं तर एक जण गेल्यावर दुसऱ्याला त्यात बदल करता येतो का, यावरून वाद उभे राहतात. दागिने, लॉकर, पगाराच्या खात्यातली शिल्लक, माहेरहून आलेली जमीन, हे सगळं बाईच्या मृत्युपत्रात तिच्या नावाने यायला हवं.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

‘सगळीकडे नॉमिनेशन केलंय’ या वाक्याने जितकी माणसं निर्धास्त होतात तितकी दुसऱ्या कशाने होत नसतील. नॉमिनी हा रक्कम किंवा वस्तू ताब्यात घेणारा माणूस. बँकेने, कंपनीने, सोसायटीने पैसे द्यायचे कोणाला, एवढाच प्रश्न त्याने सुटतो. मालक कोण, हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्ये सांगितलं, आणि शेअर्स व म्युच्युअल फंडांबाबत १४ डिसेंबर २०२३ रोजी, तेही मुंबईतल्या एका मराठी कुटुंबाच्या वादात. विम्याचं एक वळण लक्षात ठेवा: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांना लाभधारक मानलं आहे, तरीही इतर वारसांचे दावे न्यायालयात जातातच. बायको-मुलांसाठी विमा घेताना तो विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा, १८७४ खाली घेतला, तर ती रक्कम नवऱ्याच्या इस्टेटीत मोजलीच जात नाही आणि त्याच्या सावकारांनाही तिला हात लावता येत नाही. मात्र तो पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो.

सोसायटीचं थोडं खोलात सांगायला हवं, कारण भांडणं तिथे जास्त होतात. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यातल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे सभासद वारल्यावर नॉमिनीला ‘तात्पुरता सभासद’ करून घेतात. मृत्युपत्र, वारस दाखला, उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा सर्व वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा लेख पुढे आला, की त्याप्रमाणे खऱ्या हक्कदाराला कायम सभासद करतात. शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचं नाव चढलं, म्हणजे धाकट्या बहिणीचा हिस्सा बुडाला असं होत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही हे कित्येकदा समजावून सांगावं लागतं.

तरी नॉमिनेशन करायचंच, आणि ते मृत्युपत्राशी जुळवून करायचं. मृत्युपत्रात ठेव मुलीला आणि नॉमिनी मुलगा, असं असलं की मुलगा पैसे उचलतो आणि मुलीला भावामागे लागावं लागतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात, टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक. लॉकरला मात्र एकामागून एक असेच. भविष्य निर्वाह निधीत लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर रद्द ठरतं. ते नव्याने भरायचं राहून गेलेल्यांची संख्या पाहता, हा लेख वाचता वाचता तेवढं एक काम उरकलं तरी चालेल.

कागद करताना

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मृत्युपत्रासाठी फार थोडं मागतो. करणारी व्यक्ती सज्ञान आणि शुद्धीत हवी, कागद लेखी हवा, त्यावर तिची सही किंवा अंगठा हवा, आणि किमान दोन साक्षीदारांनी तिच्यासमोर सही केलेली हवी. स्टॅम्प पेपर लागत नाही. साधा ए-फोर कागद चालतो. भाषा कोणतीही चालते, आणि ज्या भाषेत तुम्ही विचार करता त्याच भाषेत लिहिलेलं बरं, कारण ‘वडिलांना इंग्रजी वाचताच येत नव्हतं, त्यांना काय लिहिलंय हे कळलंच नाही’ हा हरकत घेणाऱ्याचा आवडता मुद्दा आहे. नोटरी सक्तीची नाही आणि नोटरीचा शिक्का साक्षीदारांची जागा घेत नाही.

सही करायचा अर्धा तास मात्र काळजीने सांभाळा. टेबलाभोवती तिघंच असावेत: तुम्ही आणि दोन साक्षीदार. ज्याला मालमत्ता मिळणार आहे तो त्या वेळी घरातही नको. तुम्ही प्रत्येक पानावर खाली सही करता, शेवटच्या पानावर पूर्ण सही, तारीख, ठिकाण. मग साक्षीदार, तुमच्या डोळ्यांदेखत. त्यांच्या सह्यांच्या वर एक ओळ असावी: ‘वरील मृत्युपत्रकर्त्यांनी हे मृत्युपत्र वाचून व समजून आमच्यासमक्ष सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या.’ दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं कायदा म्हणत नाही, पण एकत्र असले तर पुढे जबान्या जुळतात. साक्षीदारांना मजकूर वाचायला देण्याची गरज नाही. सही करताना पाहणं एवढंच त्यांचं काम.

साक्षीदार निवडताना तुमच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान, सापडतील असे आणि मालमत्तेत कसलाही वाटा नसलेले निवडा. पुढे वाद झाला तर किमान एका साक्षीदाराला न्यायालयात उभं करावं लागतं. सत्तरीतल्या माणसाने आपल्याच वयाचे दोन मित्र साक्षीला घेतले आणि वीस वर्षांनी कागद उघडला, की दोन्ही मित्र गेलेले असतात. मग त्यांच्या सह्या ओळखणारी माणसं शोधत फिरावं लागतं. ख्रिस्ती आणि पारशी मृत्युपत्रात साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला काही दिलं असेल तर ती देणगीच रद्द ठरते. हिंदूंना ते कलम लागू नाही, तरी संशयाला जागा कशाला ठेवायची? वय जास्त असेल किंवा आजारपण असेल तर नेहमीच्या डॉक्टरांनाच एक साक्षीदार करा आणि त्याच तारखेचं त्यांच्या लेटरहेडवर ‘शुद्धीत, समजून उमजून सही करण्यास सक्षम’ असं प्रमाणपत्र घ्या. आदल्या महिन्याचं प्रमाणपत्र उपयोगाचं नाही.

नोंदणी ऐच्छिक आहे, तरी ज्याच्या नावावर स्थावर मालमत्ता आहे त्याने ती करावी. महाराष्ट्रात मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी फी नाममात्र आहे आणि मुदतीची अट नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात तुमचा फोटो आणि अंगठा घेतला जातो, त्यामुळे ‘सही त्यांची नाहीच’ म्हणणाऱ्याचं तोंड बरंचसं बंद होतं. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी निबंधक घरी येऊ शकतात. इथे एक बारीक चूक वारंवार होते: निबंधकासमोर ओळख पटवणाऱ्या दोघांच्या सह्या होतात आणि तेच साक्षीदार असा समज करून मृत्युपत्राच्या मजकुराखालची साक्षीदारांची जागा कोरी राहते. ओळख देणं वेगळं, साक्ष वेगळी. आणि नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झालं असंही नाही. साक्षीदार तरीही लागतो.

मजकुरात मालमत्तेचं वर्णन अनोळखी माणसाला कळेल असं हवं. ‘माझा ठाण्याचा ब्लॉक मुलीला’ हे घरात पुरतं, कार्यालयात नाही. सदनिका क्रमांक, मजला, इमारत, सोसायटीचं नोंदलेलं नाव, चटई क्षेत्र, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक, करारनाम्याचा नोंदणी क्रमांक आणि वर्ष (नोंदणी कार्यालयाच्या ‘इंडेक्स टू’ या उताऱ्यावर सापडेल), पार्किंग असेल तर त्याचा क्रमांक. शेतजमिनीला गाव, तालुका, गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आर मध्ये, आकार (शेतसारा) आणि चतुःसीमा. शहरातल्या जागेला मालमत्ता पत्रकावरचा सिटी सर्व्हे नंबर. बँकेच्या बाबतीत उलट करा: एकेका पावतीचा क्रमांक लिहू नका, त्या दर वर्षी बदलतात. ‘अमुक बँकेच्या अमुक शाखेतील माझी सर्व खाती व ठेवी’ एवढं पुरे.

शेवटी एक उरलेल्याचं कलम हवंच: ‘वर उल्लेख न केलेली किंवा यापुढे माझ्या नावे होणारी अन्य सर्व स्थावर व जंगम मालमत्ता’ अमुक व्यक्तीला. हे नसेल तर मृत्युपत्रानंतर घेतलेला प्लॉट कायद्याच्या वाटपात जातो आणि पुन्हा सगळ्यांच्या सह्या. तसंच, ज्याला दिलं तो तुमच्याआधी गेला तर कोणाला, तेही लिहा. मुलामुलीला दिलेला वाटा, त्यांची मुलं मागे असतील तर, त्यांच्या वारसांकडे उतरतो, पण भावाला किंवा मित्राला दिलेला वाटा तो आधी गेल्यास बाद होतो.

एक वाक्य मात्र जपून लिहा: ‘घर माझ्यानंतर पत्नीला आणि तिच्यानंतर मुलाला.’ ऐकायला किती समंजस! पण पत्नी पूर्ण मालक झाली की फक्त हयातीपुरती, हे त्यातून कळत नाही. पूर्ण मालकी दिली असेल तर ‘तिच्यानंतर मुलाला’ हा भाग पोकळ ठरतो आणि ती घर विकू शकते. हयातीपुरतं दिलं असेल तर ती विकू शकत नाही, आजारपणात पैसे उभे करायचे असले तरीही. या एका वाक्यावरून भारतभर न्यायालयांत असंख्य दावे चालले आहेत. आमचं मत स्पष्ट आहे: पत्नीला पूर्ण मालकी द्या आणि ‘संपूर्ण मालकी हक्काने, विक्री-गहाण-बक्षीस करण्याच्या अधिकारासह’ असे शब्द घाला. पुढचं तिला तिच्या मृत्युपत्रात ठरवू द्या. उतारवयात हातात मालकी असली की माणसाला घरात मान राहतो.

एखाद्या मुलाला कमी किंवा काहीच द्यायचं नसेल, तर कारण एका शांत वाक्यात लिहा. ‘थोरल्या चिरंजीवांना २०१४ मध्ये घरासाठी रक्कम दिलेली असल्याने’ एवढं पुरतं. राग, आरोप, जुनी उणीदुणी नकोत. कारण न देता जवळच्या वारसाला वगळणं, लाभ मिळणाऱ्यानेच वकील गाठणं आणि कागद करवून घेणं, सही थरथरती असणं, या गोष्टींना न्यायालयं ‘संशयास्पद परिस्थिती’ म्हणतात, आणि ती दूर करण्याचं ओझं मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर पडतं.

लहान मुलं असतील तर पालक कोण, हे मृत्युपत्रातच नेमता येतं. वडिलांनी दुसऱ्या कोणाला नेमलं आणि आई हयात असेल तर आईचाच हक्क आधी. आई-वडील दोघंही एकाच अपघातात गेले तर काय, या विचाराने दोघांच्याही मृत्युपत्रात एकच नाव असावं.

जे मृत्युपत्राने देता येत नाही

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत फक्त आपला स्वतःचा हिस्सा देता येतो. सातबाऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून एकट्याचं नाव आहे, म्हणजे सगळी जमीन त्याची नव्हे. मुलींना जन्मानेच सहहिस्सेदाराचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी पक्कं केलं. वडील २००५ च्या दुरुस्तीआधी गेले असले तरी. बहिणीला स्वखुशीने हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्राची नोंदणी लागते. तोंडी ‘मला काही नको’ किंवा नोटरी केलेला कागद पुरत नाही.

गिरगाव, दादर, लालबागच्या पागडीच्या खोल्यांबद्दल मोठा गैरसमज आहे. भाडेकरूपणाचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ते सांगितलं. भाडेकरू वारल्यावर तो हक्क त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. म्हणून तिथे रेशनकार्ड, वीजबिल, मतदार यादी यांवरून ‘सोबत कोण राहत होतं’ याचे पुरावे आधीपासून तयार ठेवणं हेच नियोजन. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर हस्तांतराचे निर्बंध असतात. तीही मृत्युपत्रात घालण्याआधी सातबाऱ्याच्या इतर हक्कांत काय शेरा आहे तो पाहा.

मुस्लिम व्यक्तीला कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं, आणि सुन्नी कायद्यात वारसालाच द्यायचं असेल तर इतर वारसांची संमती लागते. गोव्याचा हिशेब आणखी वेगळा. तिथे वेगळा करार नसेल तर पती-पत्नी मालमत्तेचे निम्मे-निम्मे मालक असतात, आणि मुलं असतील तर स्वतःच्या निम्म्यातलंही अर्धंच मृत्युपत्राने देता येतं. जोडप्याचे १ कोटी असतील तर एकाच्या हातात मोकळे २५ लाख. मृत्युपत्रही तिथे विशेष नोटरीपुढे करावं लागतं. गोवेकराचं घर मुंबईत असलं तरी त्याला हाच नियम, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आहे.

अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या मंडळींनी भारतातल्या मालमत्तेसाठी वेगळं मृत्युपत्र करावं, आणि ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ या नेहमीच्या ओळीत ‘भारतातील मालमत्तेसंबंधीची’ एवढे शब्द घालावेत. नाहीतर नवं भारतीय मृत्युपत्र तिकडचं जुनं मृत्युपत्रही पुसून टाकतं.

हयातीतच बक्षीसपत्र करून टाकावं, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो, कारण महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलं, नातवंडांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी. पण बक्षीसपत्र परत फिरत नाही. ते करायचंच असेल तर ‘देणाऱ्यांचा हयातभर सांभाळ करण्याच्या अटीवर’ ही ओळ त्यात घालाच. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ खाली ते रद्द करून मागताना हीच अट हाताशी येते. मृत्युपत्र मात्र शेवटच्या श्वासापर्यंत कितीही वेळा बदलता येतं, आणि शेवटचं तेच खरं.

माणूस गेल्यावर

मृत्यूच्या दाखल्याच्या किमान दहा प्रती काढा. मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा माणूस, नेमलेला असेल तर तोच सगळीकडे अर्ज करतो. म्हणून तो माणूस धडपड्या आणि हिशेबाला चोख हवा, नुसता वयाने वडील नको. आधी देणी फेडायची, मग वाटप. वारसांवर कर्जाची जबाबदारी येते ती मिळालेल्या मालमत्तेपुरतीच, हे वसुलीच्या फोनवर ठामपणे सांगा. वारसा कर आपल्याकडे नाही. इस्टेट ड्युटी १९८५ मध्ये बंद झाली.

मुंबईतल्या मालमत्तेच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे न्यायालयाचं शिक्कामोर्तब, अनेक दशकं सक्तीचं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं ते कलम २१३ काढून टाकलं. तरी वारसांत वाद असेल तर प्रोबेट घेणंच शहाणपणाचं, कारण नंतर कोणी उठून हरकत घेतली तर ते भक्कम उभं राहतं. शेतजमिनीसाठी गावच्या तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) तीन महिन्यांच्या आत अर्ज द्या. नोटिशीनंतर हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात.

मूळ मृत्युपत्र एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. ते उघडण्यासाठीच मृत्युपत्र मागितलं जाण्याची पाळी येते. बंद लखोट्यात जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याची सोय आहे. घरी ठेवणार असाल तर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, लॅमिनेट करू नका, त्यावर पेनाने खाडाखोड करू नका. साक्षीदारांच्या सह्यांशिवाय केलेली दुरुस्ती ग्राह्य धरली जात नाही. त्यासोबत एक वेगळा कागद असावा, त्याला मृत्युपत्राचे नियम लागू नाहीत आणि तो दर दिवाळीला नवा लिहिता येतो: खाती कुठे, विमा कोणता, कोणाचे किती येणे, किती देणे, लॉकरची किल्ली कुठे, फोनचा पिन काय, डीमॅटचा ईमेल कोणता. हे मृत्युपत्रात लिहू नका, कारण तो कागद पुढे अनेकांच्या हातांतून फिरतो. मृत्युपत्रात काय लिहिलंय हे कोणाला सांगायची गरज नाही, पण ते कोणत्या कपाटात, कोणत्या कप्प्यात आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवं.